केलरमध्ये लपवलेली वाफेची टाकी

मित्रांनो, टाकी म्हटलं की तुम्हाला गच्चीवरची काळी, पाण्याची टाकी आठवेल. मी तसली नव्हे. मी अंगठ्याएवढी आहे, काचेच्या पोटाची आणि पोलादी बुडाची, आणि आता बरीच जुनी झाले आहे. सिगारेट सोडू पाहणारी मोठी माणसं ज्या यंत्रातून वाफ ओढतात, त्याच्या डोक्यावर मी बसते. मी खेळणं नाही. तुम्ही मला तोंड लावायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. शाळा मी पाहिलेली नाही. काचेवर भरणीची एक रेघ आहे, तेवढीच माझी अक्षरओळख. पण घडण बघा माझी! खाली बूड, वर झाकण, सांध्यासांध्याला रबराच्या रिंगा, आणि पोटात कॉइल. कॉइल म्हणजे बारीक तारेचं वेटोळं आणि त्यात कापूस. माझ्यात निकोटिनचा गोड रस भरतात; कापूस तो पितो, तार तापते, वाफ होते. कापूस कोरडा असला तर तो जळतो, आणि मग जी चव येते ती वैऱ्यालाही नको.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या गुरुदत्तने मला विकत घेतलं. तो गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याची मुलगी कुहू तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तो उचलून घ्यायला गेला की ती नाक धरायची आणि जर्मनमध्ये म्हणायची, "पापा श्टिंक्ट!" म्हणजे बाबाला घाण वास येतो. एकदा ती त्याच्या मांडीवरून उतरून पळाली, तेव्हा त्याने सिगारेटचं पाकीट फेकलं आणि मला आणलं. त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंतीला सिगारेटचं मशीन लावलेलं आहे. कार्ड लावलं की पाकीट खाली पडतं. गुरुदत्त आणि ते मशीन यांच्यामध्ये कोण उभी होती? मी. हे मी मिरवणारच. दुसरं कोणी माझ्यासाठी मिरवणार नाही.

ते दिवस चांगले होते. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, गवत कापायचं नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही. मग गुरुदत्त स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उलगडून बसायचा. उरलेला रस काढायचा, काच आणि झाकण कोमट पाण्यात धुवायचा, रिंगा चिरल्या आहेत का बघायचा, सगळं कापडावर पसरून पूर्ण सुकू द्यायचा. नव्या कॉइलच्या कापसावर रसाचे थेंब सोडायचा, मला भरायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत हात लावायचा नाही.

"माझे चहाचे कप कधी इतक्या प्रेमाने घासलेस का रे?" त्याची बायको शर्वाणी विचारायची.

"कप गळत नाहीत ना," तो म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात कराडहून त्याची आई आली. प्रभाबाई. हा चाळिशीला टेकलेला बाप्या, पण आई येणार म्हणताच त्याने मला मोज्यात गुंडाळलं आणि केलरमध्ये नेऊन ठेवलं. केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर. तिथं कपडे धुण्याची यंत्रं असतात आणि प्रत्येक घराची अडगळीची एक खोली. मी सायकलच्या पंपाशेजारी पडले.

थंडीत माझ्यातला रस मधासारखा घट्ट होतो आणि कापसापर्यंत पोचायला वेळ घेतो. गुरुदत्तला कुठला वेळ? कपड्यांची टोपली काखेत मारून यायचा, घाईघाईत दोन झुरके घ्यायचा, परत वर. धुणं नाही, पुसणं नाही. गोड रसाचा काळा पाक होऊन कॉइलवर बसला. जळका वास यायला लागला. त्याने नवी कॉइल आणली, कोरडीच बसवली आणि लगेच बटण दाबलं. कापूस जळला. खोकून खोकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हिच्यात आता काही राहिलं नाही," तो म्हणाला.

मी ऐकून घेतलं. माझ्यात सगळं होतं. धीर त्याच्यात नव्हता. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. कुठे निघाला होता, ते तुम्हाला सांगायला नको.

दारात प्रभाबाई उभ्या. हातात कुहूचा एक मोजा.

"टोपलीतनं पडला," त्या म्हणाल्या. "रोज बघतेय मी. घरात माणसं चार आणि धुणं लग्नघराचं. कुठं निघालास?"

"दुकानात."

"आज रविवार. इथं रविवारी मीठसुद्धा मिळत नाही म्हणून तूच कालपासून घोकत होतास. बघू, हातात काय आहे?"

त्याने मला पुढे केलं. प्रभाबाईंनी मला नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. मला राग आला नाही. माझा अवतारच तसा होता.

"वाफ असते, आई. सिगारेट सुटावी म्हणून. मी ओढत नाही आता, कुहूची शप्पथ."

"पोरीची शपथ घालू नकोस. ओढत नाहीस ते कळतं मला. मागच्या खेपेला तुझ्या उशीलासुद्धा वास होता. मग हे लपवलंस कशाला?"

"तू ओरडशील म्हणून."

"ओरडणारच आहे. ते नंतर. हे कार्ड खिशात घाल आणि चल वर."

वर टेबलावर पुन्हा कापड पसरलं गेलं. मी धुतली गेले, पुसली गेले, सुकले. जळकी कॉइल प्रभाबाईंनी चिमटीत धरून पाहिली.

"आत काय, कापूस? आणि कोरडाच पेटवलास?" त्यांनी देवासमोरच्या वाटीकडे बोट दाखवलं. त्यात फुलवाती तुपात भिजत होत्या. "सकाळी घालते, संध्याकाळी लावते. लहानपणी कोरडी वात लावून बाळकृष्ण काळा केला होतास, विसरलास?"

शर्वाणी हसू दाबत कपाटाकडे वळली. गुरुदत्तने नव्या कॉइलवर थेंब सोडले, मला भरलं आणि यंत्राकडे हात नेला. यंत्र प्रभाबाईंच्या मुठीत होतं.

"भिजू दे."

तो चुळबुळत बसला. एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा खिसा चाचपला. तेवढ्यात कुहू आली, त्याच्या मांडीवर चढली आणि त्याच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसली. नाक धरलं नाही. गुरुदत्तचा खिशावरचा हात तिच्या पाठीवर गेला.

"आणि ओढायचं ते बाल्कनीत," प्रभाबाई म्हणाल्या. "पोरीसमोर नाही. आता ओरडू का?"

"ओरड," तो म्हणाला.

त्या बऱ्याच वेळ ओरडल्या. मी तोपर्यंत छान भिजले.

मित्रांनो, वस्तू लपवली की तिची निगा राहत नाही. चारचौघांत टेबलावर ठेवा. धुवा, पुसा, सुकवा, तिला तिचा वेळ द्या. हल्ली गुरुदत्त मला क्वचितच भरतो. एक दिवस भरणारच नाही, आणि तेच माझं काम होतं. तेव्हा माझे आभार मानू नका. कपाटात ठेवण्याआधी फक्त नीट कोरडी करा.