शेपटीजवळचा पर

प्रसन्नकडे काय नव्हतं? दोघांनी वल्हवायचा कयाक होता, पाण्याखालचे मासे दाखवणारा स्क्रीन होता, तीन गळकाठ्या होत्या. नव्हता तो फक्त मासा. अमेरिकेत बीव्हरटनला घर घेतल्यापासून चार वर्षं दर नोव्हेंबरात हा गृहस्थ दोन तास गाडी हाणत समुद्राजवळच्या नदीवर जायचा आणि संध्याकाळी दुकानातला सॅल्मन घेऊन घरी परतायचा. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची इतकी टिंगल झाली होती, की यंदा उशिरा ठरलेल्या दिवाळी पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आपण स्वतः पकडलेला सॅल्मन आणणार, असं त्याने तावातावाने जाहीर करून टाकलं. ते पॉटलक आता उद्यावर आलं होतं.

कयाकच्या पुढच्या सीटवर त्याचे वडील बसले होते, नंदूकाका. चिपळूणच्या एसटी डेपोत पस्तीस वर्षं मेकॅनिकी केलेला माणूस, आणि रविवारची प्रत्येक सकाळ वाशिष्ठीत गळ टाकून बसलेला. इथे त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून त्यांच्या हाती फक्त वल्हं. बोटं गारठून लाकूड झाली होती, पण तक्रार नव्हती. त्यांचा जीव वेगळ्याच ठिकाणी अडकला होता.

ते ठिकाण म्हणजे सावनी, नऊ वर्षांची नात. आजोबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्यातले पाच महिने तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मराठी तिला कळायची, पण उत्तर इंग्रजीत यायचं, तेही दोन शब्दांत. मग तिच्या वर्गात काचेच्या टाकीत सॅल्मनची अंडी आली आणि घरात मासे कळणारं माणूस एकच निघालं. त्या दिवसापासून शाळेतून आली, की दप्तर फेकून आधी आजोबांच्या खोलीत. तिने चित्र काढून त्यांना शिकवलं, की हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा हा छोटासा पर कापतात, म्हणून पर नसलेला मासा खायला न्यायचा. पर असलेला कोहो जातीचा सॅल्मन मात्र नदीचा स्वतःचा, तो सोडायचाच. "प्रॉमिस, आजोबा?" आजोबांनी तिच्या हातावर हात मारला होता. चित्र फ्रीजवर लागलं होतं.

शुक्रवारचं परतीचं विमान होतं. वय चौऱ्याहत्तर, हृदयात दोन स्टेंट, पुन्हा येणं होणार नाही हे काकांना पक्कं ठाऊक होतं. या पोरीच्या मनात आपली एवढी जागा राहावी, याहून त्यांना अमेरिकेकडून काही नको होतं.

दहाच्या सुमाराला काठी वाकली. मासा जबरदस्त होता. प्रसन्न 'बाबा, बाबा' करत नुसता ओरडत होता. शेवटी काकांनीच जाळं खाली घालून मासा वर घेतला. खवले हाताला चिकटले, रक्त बाहीवर आलं. क्षणभर त्यांना वाशिष्ठी आठवली आणि खरंच आनंद झाला. मग त्यांनी शेपटीकडे पाहिलं.

"प्रसन्न, पर आहे याला. सोड."

"बाबा, प्लीज यार."

"अरे, सावनीला मी शब्द दिलाय."

"सावनी बघतेय का इथे? चार वर्षं! चार वर्षं लोक हसतायत मला."

त्याने माशाच्या डोक्यात दांडकं हाणलं. मग दोरा कापायची कात्री काढली, पर मुळापासून कापला आणि पाण्यात भिरकावला. "झालं. आता हा हॅचरीचा." काका तोंड फिरवून वल्हं मारत राहिले. पोटच्या पोराची लाज वाटावी, असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच येत होता.

धक्क्यावर वन्यजीव खात्याचा पोलीस उभा होता. त्याने मासा उचलला, शेपटीजवळ अंगठा फिरवला आणि तिथेच थांबला. पिल्लू असताना पर कापला, तर जखम भरून येते, कातडी गुळगुळीत होते. इथे ओलं रक्त होतं. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं.

प्रसन्नचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो हसला, आणि म्हणाला, "माय फादर. ही इज फ्रॉम इंडिया. ही डझन्ट नो द रूल्स."

एवढं इंग्रजी एसटीतल्या मेकॅनिकलाही कळतं. पोलिसाने काकांच्या बाहीवरचं रक्त पाहिलं, खवल्यांनी भरलेले हात पाहिले. प्रसन्न घाईघाईने मराठीत पुटपुटला, "बाबा, हो म्हणा. डिसेंबरात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. तुम्ही शुक्रवारी जाताय, तुम्हाला काय फरक पडतो?"

काका मान खाली घालून म्हणाले, "येस."

पोलिसाने त्यांना लहान मुलाला समजवावं तसं सावकाश, मोठ्याने समजावलं. मासा जप्त केला, काकांच्या नावाने दंडाचं तिकीट फाडलं, प्रसन्नला नुसती ताकीद दिली. आजूबाजूचे चार मासेमार बघत उभे होते. त्यातला एक थुंकला.

गाडीत काका एवढंच म्हणाले, "सावनीला काही सांगू नकोस. मासा मिळाला नाही म्हण."

"हो हो. डोन्ट वरी, बाबा."

वाटेत पेट्रोल भरायला थांबले. प्रसन्न फोन कानाला लावून दहा मिनिटं बाहेर फेऱ्या मारत होता. परत आला तेव्हा एकदम खुशीत होता. घर येईपर्यंत ग्रुपवर 'आमच्या बाबांचा पराक्रम' पोचला होता आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मासा नाही तर नाही, पॉटलकला सांगायला किस्सा तरी मिळाला.

दार सुनेने, दीपाने उघडलं. "बाबा, इथे नियम असतात हो," ती हळूच म्हणाली आणि त्यांचं ओलं जॅकेट घेऊन आत गेली. काका स्वयंपाकघरात आले. फ्रीजवर चित्र नव्हतं, नुसतं मॅग्नेट होतं.

सावनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले. काका कसेबसे गुडघ्यांवर हात टेकून तिच्यासमोर वाकले. पोराची अब्रू झाकायची होती तेवढी त्यांनी झाकली होती. नातीपुढे मात्र त्यांना राहवेना.

"सावनी, बाळा, तो पर मी नाही गं कापला."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या पाच महिन्यांत पाहायची, अगदी तसंच.

"डॅड सेड यू'ड से दॅट," ती म्हणाली, आणि उठून वर गेली.