तबकडीचा राखणदार

मी एक जुना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला धक्का अडवणारा राखणदार आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. दिसायला मी साबणाच्या वडीएवढा करडा डबा. दोन बाजूंना वायरीसाठी एकेक तोंड आणि पोटापाशी एक हिरवी वायर, एवढाच माझा संसार. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. कारण मी माझे काम नीट केले, की काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याची गोष्ट कोण ऐकणार? तरी सांगून बघतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझी परीक्षा घेतली. आधी त्यांनी माझ्यातून साधी वीज सोडली, ती मी मुकाट्याने जाऊ दिली. मग त्यांनी विजेचा जोरदार फटका दिला, तो मी हिरव्या वायरीतून बाहेर घालवला. "पास," असे म्हणून त्यांनी पुढचा डबा उचलला. त्या एका शब्दाच्या आधारावर मी आजवर जगलो.

पुढे मी डोंगरावरच्या एका छोट्या दवाखान्यात आलो. तिथे डॉक्टर नव्हते, फक्त एक नर्सबाई होत्या. खाली शहरातल्या डॉक्टरीणबाई पडद्यावरून रोगी तपासत. त्यासाठी छतावर खांबाला नेट पकडणारी एक पांढरी तबकडी लावली होती. तिच्याकडे जाणाऱ्या एकाच वायरीतून चित्र, आवाज आणि तिला लागणारी वीज, असे सगळे जायचे. हे काम नर्सबाईंच्या धाकट्या दिराने केले होते. तो विजेची आणि नेटची कामे करायचा. दवाखान्यातही ती दोघे एकमेकांना वहिनी आणि भावजी असेच म्हणत.

माझ्याआधी भावजींनी माझ्यासारखाच, पण टेलिफोनसाठीचा एक डबा आणून बसवला होता. तो बसवताच तबकडीचा दिवा विझला.

"वहिनी, हा तबकडीची वीजच पुढे जाऊ देत नाही," भावजी डोके खाजवत म्हणाले.

"मग परत करा त्याला. दारावर असा माणूस बसवायचा का, की घरचेच बाहेर राहतील?"

मग ते मला घेऊन आले. तबकडीची वीज किती, हे मला ठाऊक होते. तेवढी मी जाऊ द्यायचो आणि त्याहून जास्त आली तरच अडवायचो. वायर दवाखान्यात शिरते तिथे भिंतीवर त्यांनी मला बसवले. माझी हिरवी वायर भिंतीमागच्या ओल्या मातीत ठोकलेल्या लोखंडी सळईला जोडली, आणि पायाखाली जमीन असणे म्हणजे काय, ते मला कळले.

डोंगरावर वादळे फार. जवळपास कुठे वीज कडाडली, की तिचा धक्का वायरीत उतरायचा आणि मी तो मातीत सोडून द्यायचो. आत कोणाचा तरी खोकला तपासणे चालू असायचे. पडद्यावरचे चित्र हलायचेसुद्धा नाही. एकदा शेजारच्या लाकडाच्या वखारीतली सगळी यंत्रे वादळात जळाली, तेव्हा भावजींनी येऊन मला थोपटले. माझे कौतुक झाले ते तेवढेच. मला पुरेसे होते.

दवाखान्यात दर आठवड्याला एक निवृत्त गुरुजी यायचे. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. "जखमेचा रंग मला नीट दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "तो दिसला तरच पाय वाचवता येईल." म्हणून नवी, वेगवान तबकडी आली. पण वेग काही वाढेना. भावजींनी वायर बदलली, तबकडी फिरवली, स्वतःलाही दोन शिव्या दिल्या. शेवटी त्यांनी मला काढून वायर सरळ जोडली. चित्र आरशासारखे स्वच्छ झाले.

"वहिनी, हाच मधे अडून बसला होता बघा! जुन्या चालीचा आहे. वायरीत तारांच्या चार जोड्या असतात, हा बातमी, म्हणजे चित्र आणि आवाज, दोनच जोड्यांतून जाऊ देतो."

मित्रांनो, ते खरे होते. मला वाईट वाटले, पण ते खरे होते.

"आता वीज कडाडली तर काय करायचं?" वहिनींनी विचारले.

"मागवतो ना नवा. येईल आठवड्याभरात."

मी कात्री आणि बँडेजच्या खणात जाऊन पडलो. भावजी कामाच्या रगाड्यात नवा मागवायचे विसरले. ते वाईट नव्हते. आभाळ निरभ्र होते, एवढेच.

मग एका दुपारी आभाळ काळे झाले. तबकडी जळू नये म्हणून वहिनींनी वायर उपटून ठेवली, आणि नेमके त्याच वेळी गुरुजी लंगडत आत आले. वहिनींनी पट्टी सोडली. करंगळीजवळचे बोट काळपट पडले होते.

"पुढच्या आठवड्यात दाखवू," गुरुजी म्हणाले. "माझ्या पायाला कसली घाई? तो मला सोडून कुठे जाणार आहे?"

वहिनी हसल्या नाहीत. व्हरांड्याच्या कोपऱ्यात मोबाइलला जेमतेम बोलण्यापुरती रेंज यायची. त्यांनी तिथून भावजींना फोन लावला.

"ढग जाऊ द्या वहिनी, मग जोडा," भावजी म्हणाले. "तबकडी गेली तर महिनाभर काहीच दिसणार नाही."

"आणि पाय गेला तर?"

एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. वहिनी आत आल्या आणि त्यांनी खण उघडला. इंजेक्शन देणाऱ्या हातांनी त्यांनी मला बाहेर काढले. माझ्या दोन्ही तोंडांत वायरी नीट बसवल्या. भिंतीवर लोंबकळत राहिलेली माझी हिरवी वायर त्यांनी स्क्रूखाली घट्ट आवळली. माती पुन्हा माझ्या पायाखाली आली.

चित्र हळूहळू येऊ लागले. आधी टाच, मग तळवा.

"फार सावकाश येतंय हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"येऊ दे सावकाश. तुम्ही उठू नका, मॅडम."

बाहेर कडाडले. वायरीतून जे आले ते मी खाली सोडले. पुन्हा आले, पुन्हा सोडले. तोवर ते बोट पडद्यावर पूर्ण उमटले होते.

"आत्ताच्या आत्ता खाली घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठवडा नाही. उद्यासुद्धा नाही."

गुरुजींना घेऊन गाडी वादळातच खाली गेली.

दुसऱ्या दिवशी भावजी आले. "काहीच झालं नाही ना? उगाच घाबरलात तुम्ही."

"मधे हा होता म्हणून काही झालं नाही. नवा मागवा. तोवर चहा मिळणार नाही."

भावजी तिथेच बसले. या वेळी त्यांनी घाई केली नाही. चारही जोड्यांतून बातमी जाते का, नव्या तबकडीची वीज त्याला पेलते का, मातीकडे जाणारी वायर आखूड आणि सरळ ठेवता येईल का, हे सगळे त्यांनी दुकानदाराला फोनवर विचारले. आणि एक नाही, दोन मागवले, एक छतावर तबकडीपाशी आणि एक खाली. वहिनींनी चहात साखर जरा जास्तच घातली.

गुरुजींचे ते एक बोट गेले, पाय राहिला. त्याच पायाने ते परत डोंगर चढून आले आणि मला वहिनींकडून मागून घेऊन तुमच्या शाळेत आले. म्हणून आज मी या टेबलावर आहे आणि ते तुमच्यासमोर उभे आहेत.

मला परत भिंतीवर बसवा, असे मी म्हणणार नाही. माझ्याहून चांगले आले आहेत, आणि ते यायलाच हवे होते. एवढेच मागतो, मित्रांनो. कधी तुमच्या हाती असे काम आले, तर नवा राखणदार हातात आल्याशिवाय जुन्याचा स्क्रू सैल करू नका.