आजी, उतरू का?

मी सांगत होतो, भाषणाचा कागद बरोबर घे. पण माझी भाची मरीसा कुणाचं ऐकेल तर शपथ! आता आम्हा वल्हेकऱ्यांची होडी फिडाल्गो बेटाच्या काठापासून वीस हातांवर डुलत होती आणि आमची ही तांडेल ढिम्म गप्प.

आम्हा सामिशांची, इथल्या किनाऱ्यावरच्या मूळ लोकांची, रीतच आहे. होडीनं कुणाच्या काठाला आलात, की पाण्यातूनच परवानगी मागायची, आपल्या भाषेत. मिळाली की होडी फिरवून पाठमोरं काठाला लागायचं. तोंडानं घुसतो तो भांडायला आलेला.

काठावर खुर्चीत माझी अडेल आत्या बसली होती. लहानपणापासून सामिश बोलणाऱ्या आमच्या घरात दोघीच उरल्या होत्या, ती आणि तिची बहीण रोझेला. रोझेला फेब्रुवारीत गेली. आत्या दर मंगळवारी स्वयंपाकघरात मरीसाला शिकवायची, पण शिकवणं वेगळं नि बोलणं वेगळं. "मी बोलते नि भिंत ऐकते," असं ती एकदा म्हणाली, ते मरीसाच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून पोरगी महिनाभर परवानगीचं भाषण घोकत होती.

"बाई, इंग्रजीत माग नि मोकळी हो. माझा गुडघा गेला."

"गप्प बसा हो मामा!"

तिनं वल्हं उभं धरलं आणि बोलली. चारपाच तुटक वाक्यं, त्यातल्या एकाला माझ्याकडे बोट. आत्या आधी दचकली, मग पोट धरून हसायला लागली.

"काय म्हणालीस गं?" मी मरीसाला विचारलं.

"भाषण आठवेना. मग स्वयंपाकघरातलं येतं तेवढं बोलले. आजी, भूक लागलीय. तिसऱ्या-शिंपल्यांचं सार गरम आहे का? मामाचा गुडघा दुखतोय, तो कुरकुरतोय. उतरू का?"

आत्या खुर्चीतून उठली आणि बोलतच सुटली.

"या म्हणतेय," मरीसा म्हणाली, "हात धुवून बसा. आणि मामा लहानपणीही असाच रडका होता."

आम्ही होडी फिरवली. तोवर मरीसानं मान वळवून आणखी काही विचारलं, आत्यानं उत्तर दिलं, मग तिनंच उलट विचारलं. मरीसा अडखळली, पण बोलली.

परवानगी मिळाली होती, सार निवत होतं. मीच बाकीच्या वल्हेकऱ्यांना खूण केली, वल्ही वर घ्या, जरा थांबू. गुडघा ठणकत होता. ठणकू दे म्हटलं, त्यांचं बोलून होऊ दे.