दर्याचं कडवं

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझ्या भात्याला भोक पडलं आहे आणि दोन काळ्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. तरी मित्रांनो, १९३२ सालाबद्दल मला बोललंच पाहिजे. त्या वर्षी जे घडलं, त्यात माझाही सूर लागलेला होता.

माझा जन्म मुंबईत, गिरगावातल्या एका कारखान्यात झाला. सागवानी अंग, पितळेचे सूर. एका संगीत नाटक मंडळीने मला विकत घेतलं आणि मी धर्माजीच्या हाती आले. धर्माजी नागावजवळच्या कोळीवाड्यातला. त्याची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं मावशीने, नीराबाईने. सोळाव्या वर्षी नाटकाच्या वेडापायी तो घर सोडून मंडळीत आला होता. बारा वर्षं आम्ही गावोगाव हिंडलो. पडदा वर जाण्याआधी तो माझ्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवी. मला वाटे, या माणसाला माझ्यावाचून करमायचं नाही.

मग ते साल उजाडलं. मराठी बोलपट आला. लोक त्याच्या तिकिटासाठी रांगा लावू लागले आणि ज्या पदांना तीन-तीनदा वन्समोअर मिळे, ती रिकाम्या खुर्च्यांपुढे होऊ लागली. शिमग्याच्या सुमारास मंडळी मोडली. मालकांनी जाताना मला धर्माजीला देऊन टाकलं. बोटीने रेवस गाठून आम्ही घरी आलो.

नीराबाई दिवसा बोंबील वाळत घाली, पण कोळीवाड्यात तिचा मान होता तो वेगळ्याच कारणाने. ती धवलारीण होती. लग्नात एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावतात, त्या गाण्याला धवला म्हणतात. तिने धवला म्हटल्याशिवाय कुणाच्या पोरीला हळद लागत नसे.

मला पाहून ती म्हणाली, "धवल्याला पेटी न्हाय लागत. मांडव लागतो."

धर्माजीच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. मुंबईत त्याला गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस भेटला होता. कंपनीला खेड्यापाड्यातली नवी गाणी हवी होती.

"तुझा आवाज तबकडीवर गेला, की सगळा मुलूख ऐकंल, मावशी," तो म्हणाला.

मांडवाबाहेर धवला म्हणायला तिचं मन धजेना. तो आठ दिवस मागे लागला. शेवटी तिने विचारलं, "तबकडीवर नाव कुनाचं?"

"तुझंच. आनखी कुनाचं?"

मग ती माझ्यापुढे बसली. ती एकेक ओळ म्हणे, तो माझ्यावर सूर शोधी आणि शब्द वहीत उतरवी. आधी गावदेवीला बोलावणं, मग दर्याला, मग घरच्या पितरांना. दर्याचं कडवं सगळ्यात लांब होतं. ते म्हणताना ती डोळे मिटून घेई.

पावसाळ्याआधी आम्ही तिघं मुंबईला गेलो. कंपनीच्या खोलीत नीराबाईने एकदा गाऊन दाखवलं. ती बाहेर गेल्यावर साहेबाने नकारार्थी मान हलवली. आवाज राकट आहे, म्हणाला. आमची बाई गाईल. शहरातली एक गाणारीण तिथे तयारच होती आणि शब्द धर्माजीच्या वहीत होते.

मी वाट पाहत होते, की आता तो वही मिटेल. पण तो बाहेर तिच्याकडे गेला.

"तुझं झालं, मावशी. छान झालं. इथं बाकावर बस, मी येतोच." तिला त्याने चहा आणून दिला आणि दार लावून घेतलं.

तबकडीच्या एका बाजूवर गाणं मावेना, तेव्हा धर्माजीच म्हणाला, "दर्याचं कडवं गाळू या." ती बाई गायली. धर्माजीने मला वाजवलं आणि मी वाजले.

परतीच्या बोटीत नीराबाईने विचारलं, "बरा उठला का रं माझा आवाज?"

"फार बरा," तो म्हणाला.

तिने ते साऱ्या कोळीवाड्याला सांगितलं. धर्माजीला कंपनीत नोकरी लागली. तिथे नवी, मोठी पेटी होती. "नंतर नेतो," म्हणून त्याने मला घरीच ठेवलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर शेजारच्या येसाजीच्या मुलीचं, केसरचं लग्न निघालं. मांडव आमच्या दारासमोरच होता. नीराबाईचा मान म्हणून येसाजीने अलिबागेहून फोनोचं यंत्र आणि ती तबकडी मुद्दाम मागवली होती. तिला त्याने पुढे बसवलं. सुई टेकली आणि एक परका, गोड आवाज गाऊ लागला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. येसाजीने तबकडी थांबल्यावर नाव वाचलं. ते दुसरंच होतं.

नीराबाई हळूच म्हणाली, "दर्याला आवतान न्हाय दिलं."

केसरची हळद खोळंबू नये म्हणून ती उठली आणि तिने अख्खा धवला म्हटला. ते शेवटचं.

चार दिवसांनी धर्माजी आला. "साहेबानं ऐनवेळी ठरवलं, मावशी. माझ्या हातात काय व्हतं?"

"नाव गेलं त्याचं सोड," ती म्हणाली. "मी त्या बाकावर बसले व्हते. तू चहा घिऊन आलास. तवा का न्हाय बोललास? गावभर सांगत फिरले मी, ते बी तू फिरू दिलंस."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "पेटी तुला ठेव."

"मला वाजवता येत न्हाय."

तरी तो मला ठेवून गेला. बारा वर्षांच्या माझ्या सोबत्याने जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर कुणी लग्नाचं सांगायला आलं, की नीराबाई म्हणे, "तबकडी लावा." लोकांनी हातापाया पडून पाहिलं, पण ती बधली नाही, आणि तिने ते कुणाला शिकवलंही नाही. धर्माजीची वही कंपनीतच कुठे हरवली, म्हणून ती गेली तेव्हा दर्याचं कडवं तिच्याबरोबर गेलं. आता लग्नांत त्या तबकडीवरचाच धवला म्हणतात. त्यात काही गाळलेलं आहे, हे पोरींना ठाऊक नाही. माझ्यात त्याची चाल तेवढी आहे. शब्द मला येत नाहीत.

मित्रांनो, माझी धूळ झटका अगर झटकू नका. पण कुणाकडून गाणं शिकलात, तर चार माणसांत आधी त्याचं नाव घ्या. आणि त्याला दिलेला शब्द पाळता आला नाही, तर तो बाकावर वाट पाहत बसला असेल तेव्हाच जाऊन सांगा.