शिव्यांचा उजेड

वैशाखाची दुपार समुद्रावर कोयता घेऊन उतरली होती. लाटा तप्त, वाळू तप्त, वाराही तप्त. त्या उन्हातून हर्णैची द्वारकाबाई पावसे शहरातल्या इस्पितळात आली. चाळीस वर्षे मासळीबाजार गाजवलेली, आणि बाजार तिच्या जिभेला टरकून असलेला.

तिच्या उजव्या फुप्फुसात गाठ होती. किरणांनी ती पाच वेळा भाजून काढली. मग सलाइनमधून औषध उतरले आणि रक्तातले निद्रिस्त सैनिक खडबडून उठले. आत रण माजले, रुधिररण, निःशब्द रण. कोण पडले, कोण उरले, ते आजच्या स्कॅनमध्ये दिसणार होते. रोग पसरला असेल तर हे उपचार बंद, असे डॉक्टर शिराळकरांनी स्पष्टच सांगितले होते.

तंत्रज्ञ तेजलने शिरेत किरणोत्सारी साखर सोडली. भुकेली गाठ ती खाते आणि चित्रात उजळते.

"मावशी, तासभर गप्प पडायचं. बोलायचं नाही हं."

गप्प? द्वारकाबाई? दार लागले, आणि त्या गाठीच्या नावाने तिच्या ओठांतून कोयत्यामागून कोयता सुटू लागला.

"मेल्ये भवाने, तुझा मुडदा बशिवला! सुरमईसारखी चिरीन तुला, तुकडं करून कावल्यांना घालीन!"

तासभर ती कापत राहिली, सोलत राहिली, जाळत राहिली. रागाने नव्हे, भीतीने.

पडद्यावर देह कृष्णवर्ण उमटला. फुप्फुसात जिथे निखारा होता, तिथे राख. पण कंठात? कंठात दोन ज्वाळा, लखलखीत, उन्मत्त!

"गळ्यात पसरलंय," शिराळकर खचून म्हणाले. "थांबवावं लागेल."

तेजल मात्र बघतच राहिली. दोन्ही ज्वाळा अगदी सारख्या होत्या; रोग असा मोजूनमापून पसरत नाही.

"मावशी, आत बोललात का?"

"बोल्ले नाय गो. शिव्या दिल्या."

राबणारा स्नायूही साखर खातो. रोग नव्हे, तिचा आवाज पेटला होता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सुई, पुन्हा तास. बर्फावरच्या मासळीसारखी ती निश्चल पडली; शिव्या गिळल्या, डोळ्यांतून पाणी वाहू दिले. पडद्यावर कंठ काळा, फुप्फुसात राखच राख.

"उपचार चालू," शिराळकर म्हणाले. "आता बोला हवं तेवढं."

द्वारकाबाईने तोंड उघडले. अख्खा बाजार हादरवणारा तो गळा, रणात तासभर पेटलेला तो गळा, भरून आला. आणि शब्द फुटेना, एकही फुटेना.