सगळ्या रस्त्यांची, एकाच उंचीची

मित्रांनो, मी एक अडकलेली सायकल आहे. मी मोडलेली नाही, भंगारातली नाही आणि फार जुनीही नाही. माझी दोन्ही चाके फिरतात, ब्रेक लागतात, साखळी दात्यांवरून निसटत नाही. तरीही मानवतच्या एका घरात, जिन्याखाली, म्हशीच्या सरकी पेंडेच्या पोत्यांमागे मी दोन पावसाळे उभी राहिले. माझे एकच हाड आखडले होते. पण त्या एका हाडामुळे माझे सगळे रस्ते बंद झाले.

माझ्या जन्माबद्दल थोडेच सांगते. कारखान्यात पोलादी नळ्या जोडून माझी फ्रेम तयार झाली. सीट ज्या दांडीवर बसते ती दांडी मात्र ॲल्युमिनियमची होती. ती पोलादी नळीत सरकवायची आणि हव्या त्या उंचीवर बोल्ट आवळायचा, अशी माझी रचना. या दोन धातूंकडे लक्ष ठेवा. त्यांच्यामध्ये केसाएवढी फट होती आणि माझे सगळे आयुष्य त्या फटीत ठरले.

परभणीच्या दुकानात मला टांगलेले असताना चंद्रप्पा आणि त्यांचा मुलगा शिवकांत आले. चंद्रप्पा जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर काम करायचे. शिवकांतला वेगाची हौस होती.

"भाऊ, ही ऑलरोड हाय," दुकानदार म्हणाला. "डांबरी म्हना, मुरूम म्हना, रान म्हना, कुठंबी घाला. चार सायकलींचं काम एकटी करती."

"पोतं न्हेईल का?" चंद्रप्पांनी विचारले.

"आप्पा, ही पोत्याची सायकल न्हाई," शिवकांत हळूच म्हणाला.

"मंग समद्या रस्त्याची कशी? पोतं काय आभाळातून जातं का?"

दुकानदार हसला आणि त्याने मागे कॅरिअर बसवून दिले. अशी मी सगळ्या घराची सायकल झाले.

आता दुकानदाराचे म्हणणे किती खरे होते, ते प्रामाणिकपणे सांगते. शिवकांतचे मित्र पातळ टायरच्या सायकली घेऊन पाथरीच्या रस्त्याला निघायचे. चांगल्या डांबरावर त्या माझ्या पुढे जायच्या. माझे टायर रुंद असल्यामुळे मला जास्त जोर लागे. पण रस्त्याचे काम सुरू असले आणि खडी आली, की ते मित्र उतरून सायकली हातात धरायचे आणि मी शिवकांतला घेऊन पुढे निघायचे. कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता तर मला सर्वांत आवडे. पोते लादले की माझे पुढचे चाक हलके होई आणि हँडल थरथरे. त्या कामात गल्लीतली जुन्या पद्धतीची जड, काळी सायकल माझ्यापेक्षा सरस होती. आपल्याकडच्या काळ्या मातीत, ती कोरडी असेपर्यंत, मी मजेत जायचे. ओली झाली की ती टायरला लिंपत जाई, फ्रेममध्ये दाटे आणि चाक जाम करी. इतर सायकलींपेक्षा थोडे पुढे जाऊन मीही अडत असे. थोडक्यात, कोणत्याच कामात मी पहिली नव्हते. पण असे कोणते कामही नव्हते, ज्यात मला कोणी नाही म्हणावे.

शिवकांत उंच, त्याची धाकटी बहीण शिवरंजनी ठेंगणी आणि आप्पा मधले. त्यामुळे माझे सीट दिवसभर वर-खाली होत असे. घासून घासून माझ्या दांडीवर तीन रेषा उमटल्या होत्या.

"माझं सीट कुनी खाली केलं?" शिवकांत ओरडायचा.

"तुझं कामून? तुज्या नावाची पाटी हाय का तिच्यावर?" शिवरंजनी आतून उत्तर द्यायची.

मला हे भांडण फार आवडे. ते चालू होते तोवर माझी दांडी मोकळी होती.

एका संध्याकाळी शिवकांत मला धुऊन-पुसून दारात उभी करत होता. शेजारच्या बायनाबाई थांबल्या आणि शिवकांतच्या आईला म्हणाल्या, "काय गं मल्लम्मा, सायकल हाय का घोडं? लय चमकायलंय की!"

त्याच संध्याकाळी वळणावर वाळूवरून माझे चाक घसरले आणि शिवकांतचे दोन्ही गुडघे फुटले. वाळू आणि वेग, एवढेच कारण त्याला होते. पण त्याची आई मल्लम्मा यांनी मनाशी पक्के केले की दृष्ट लागली. त्या दर अमावस्येला घराची फरशी मिठाच्या पाण्याने पुसायच्या. आता त्याच बादलीतल्या फडक्याने त्या मलाही पुसू लागल्या. दसऱ्याला माझ्या फ्रेमवर त्यांनी भस्माच्या तीन आडव्या रेषा ओढल्या होत्या, सीटच्या दांडीच्या अगदी बुडाशी. तिथे त्या जास्तच मायेने फडके पिळायच्या. पाणी दांडीवरून ओघळायचे आणि फटीतून आत उतरायचे.

पुढे शिवकांतला पुण्यात नोकरी लागली. शिवरंजनी रसायनशास्त्र शिकायला परभणीला राहिली. आप्पांनी मोटारसायकल घेतली. शिवकांत जाताना माझे सीट त्याच्या उंचीवर होते, ते तिथेच राहिले. मला जिन्याखाली ठेवले गेले. पुढे एक पोते आले, मग दुसरे, मग तिसरे. पण अमावस्या चुकली नाही. पोत्यांवरून हात घालून मल्लम्मा माझे सीट आणि दांडी पुसतच राहिल्या. घरात माझी आठवण ठेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

आत काय चालले होते, ते मी तुम्हाला सांगते. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि त्यांच्यामध्ये मिठाचे पाणी आले, की एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम हळूहळू झिजते आणि त्याची पांढरी भुकटी बनते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. फट भरते, मग दाटते, मग चहूबाजूंनी आवळते. मला दुखले नाही. फक्त एके दिवशी लक्षात आले की आता माझ्यात हलण्यासारखे काहीच उरलेले नाही. अंधारात पेंडेचा वास येई, बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजे आणि मी तिथेच.

यंदा जूनमध्ये पोती बाजूला झाली. समोर शिवरंजनी उभी होती. कालव्यापलीकडच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवण्यासाठी तिची निवड झाली होती. पण त्या गावाला एसटी पोहोचते तोवर शाळेचे निम्मे तास संपलेले असतात आणि आप्पांची मोटारसायकल सकाळी उलट्या दिशेला, जिनिंगकडे जाते. मुख्याध्यापकांनी तिला स्पष्ट सांगितले होते, "सोमवारी प्रार्थनेला हजर राहा. नाहीतर मला दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल."

तिने बोल्ट सैल केला आणि सीट दाबले. हलले नाही. दोन्ही हातांनी पिरगाळले. हलले नाही. मग तशीच चढून पाहिले, पण पायाची बोटेही पॅडलपर्यंत नीट पोहोचेनात. चार हात गेली आणि भिंतीला जाऊन टेकली.

"अगं रंजे, शिडी लाव की!" बायनाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"लावते मावशी. तुमी धरा, मी चढते," रंजनी म्हणाली आणि मला घेऊन तडक सायकल दुरुस्त करणाऱ्या लिंबाजींच्या दुकानात आली.

लिंबाजींनी तेल सोडले, हातोडीने टोले दिले, लांब पान्याला नळी अडकवून जोर लावला. त्यांच्या कपाळावर घाम आला. "ताई, ही दांडी अन् फ्रेम आता एकजीव झालीय."

रंजनीने दांडीच्या बुडाशी नखाने खरवडले. पांढरी भुकटी निघाली. तिने ती बोटांवर चोळून नीट पाहिली. "काका, बर्फ आणू का?"

"सरबत करायलीस का इथं?"

"थंडीनं ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त आखडतं. दांडी बारीक झाली तर सुटंल."

तिने गोळेवाल्याकडून बर्फ आणला आणि दांडीची पोकळी वरून ठासून भरली. लिंबाजींनी पुन्हा पाना लावला. आतून कर्र असा आवाज आला. मी हलले! कित्येक महिन्यांत प्रथमच! पण जरासेच फिरून दांडी पुन्हा रुतली, आणि या खेपेला सीटचे टोक रस्त्याकडे न राहता दुकानाच्या भिंतीकडे झाले.

"आता उंच बी हाय अन् तिरपी बी," लिंबाजी म्हणाले. दोघेही हसले. मग रंजनी हसायची थांबली, कारण शनिवारची संध्याकाळ झाली होती.

घरी येऊन तिने विचारले, "माय, इतकी पांढरी भुकटी मिठाशिवाय होत न्हाई. ह्या सायकलीला मीठ कुठून लागलं?"

मल्लम्मा पोळी लाटत होत्या. त्यांचा हात थांबला. "मीच पुसायले ना दर अमुशेला. दृष्ट लागू नाही म्हून. का गं?"

रंजनीने सांगितले. ओरडली नाही, पण काही गाळलेही नाही. तव्यावरची पोळी करपली.

लिंबाजींनी एकच उपाय सुचवला होता. वरची दांडी कापायची, राहिलेल्या पोकळीत रंजनीच्या मापाची जुनी लोखंडी दांडी घालायची आणि आरपार बोल्ट ठोकायचा. पण मग सीट कधीच वर-खाली होणार नव्हते. जेवताना शिवकांतला फोन लावला.

"कापू नको रंजे! दिवाळीला येतो, पुण्यात चांगल्या माणसाला दाखवतो. कापली की संपलं. मंग ती तुझ्या एकटीचीच व्हईल."

"मला सोमवारी जायचंय, दादा. दिवाळीला न्हाई."

"शिवकांतचं बी खरं हाय," आप्पा म्हणाले. "घेतली तवा समद्यांसाठी म्हून घेतली. घाई कामून करायची? एसटीचं टायमिंग बदलतं का बघू."

रंजनी ताट घेऊन उठली. जिन्याखाली मी ऐकत होते. मला वाटले, आता पोती पुन्हा येणार.

तेव्हा मल्लम्मा बोलल्या. "कापा."

"अगं, पण..."

"समद्यांची, समद्यांची! दोन वर्षं कोन बसायलं हुतं तिच्यावर? पोती? मीठ मी घातलं, त्ये मला कळलं न्हाई. पन पोरगी घरात बसंल, त्ये कळायलंय मला. शिवा, तुला दिवाळीला सायकल पाहिजे तर तिकडून घेऊन ये. हिला कापा."

मग शिवकांत म्हणाला, "बरं. पन लिंबाजी काकांना म्हनाव, कडा घासून घ्या. हात कापंल तिचा."

रविवारी माझी दांडी कापली गेली. करवत चालताना चकचकीत भुसा खाली पडत होता. तिघांच्या उंचीच्या त्या तीनही रेषा दांडीच्या कापलेल्या तुकड्याबरोबर गेल्या. रंजनी माझ्या शेजारी उभी राहिली, लिंबाजींनी माप घेतले आणि लोखंडी दांडीला पत्र्याची पट्टी गुंडाळून ती आत बसवली. ड्रिल हातात घेऊन ते थांबले.

"ताई, भोक पडलं की माघारी न्हाई. बघा."

तिने माझ्या हँडलवर हात ठेवला. "पाडा."

सोमवारी आम्ही निघालो. डांबर संपले, कालव्याचा मुरूम लागला आणि मी पोत्यांमागचा सगळा काळ विसरून पळाले. शेवटच्या तुकड्यात मात्र कालव्याचा पाझर रस्त्यावर आला होता. काळी माती टायरला लिंपली, फ्रेममध्ये दाटली आणि माझे चाक थांबले. माझ्या मनात आले, कशाला या मुलीने मला कापून घेतले? गावातून घंटेचा आवाज येत होता. रंजनी उतरली, बाभळीच्या काटकीने माती उकरली, पुन्हा दाटली तेव्हा तिने साडीचा पदर खोचला आणि मला सरळ खांद्यावर घेतले. दुकानदाराने हे सांगितले नव्हते. प्रत्येक रस्त्यावर चालणारी सायकल नसते. काही तुकडे असे असतात की तिथे माणसाने सायकलला न्यावे लागते. आणि उचलून न्यायला ती आधी आपली असावी लागते.

मुले रांगेत उभी राहत होती. घोट्यापर्यंत चिखल, खांद्यावर सायकल अशा नव्या बाईंना पाहून ती खिदळली. मुख्याध्यापकांनी एकदा तिच्या पायांकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. "नळ तिकडे आहे. पाय धुवा आणि या," ते म्हणाले. "पहिला तास सातवीचा."

दिवाळीला शिवकांत आला. माझ्यावर बसून पाहिले, तर त्याचे गुडघे हँडलला लागले. तो उतरला. मला वाईट वाटले. पाथरीचा रस्ता मला त्यानेच दाखवला होता. त्याने फडके घेतले, साखळी पुसली, तेल दिले आणि आत पाहून म्हणाला, "रंजे, तुझ्या सायकलीचा मागचा ब्रेक ढिला झालाय गं." मल्लम्मा आता मला कोरड्या फडक्याने पुसतात. मिठाची बादली उंबऱ्याच्या आतच थांबते.

मित्रांनो, माझ्यावर माया करणारे घरात कोणी कमी नव्हते. पण मी कशाची बनले आहे, हे कोणी विचारले नाही. तुमच्या वस्तूला जीव लावाच. त्याआधी तिला काय सोसते आणि काय सोसत नाही, तेवढे जाणून घ्या. आज घरी गेलात की सायकलच्या सीटचा बोल्ट सैल करा. दांडी पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीसचे एक बोट फिरवा आणि परत बसवा. दांडी हलली, तर समजा की तुमची सायकल अजून घरातल्या सगळ्यांची आहे.