विमानाला चौतीस गुण

शकूचं लाडकं विमानाचं मशीन मंगळवारी टेम्पोतून परत गेलं. ते अजून इथेच आहे असं धरून पुढचं सांगतो.

साल १९८६. मुलुंडला चंद्रप्रकाशच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दोन मशिनं होती. एकाच्या जागी तो झेरॉक्स लावणार होता. कुठलं ठेवायचं ते शाळेतले कुंडलिक सर गुण देऊन ठरवणार होते. सरांनी दोन्ही खेळ खेळून दारातल्या फळ्यावर लिहिलं :

‘बेडूक : नीरस. बेडूक स्वतःच कंटाळलेला दिसतो. गुण ८१.

विमान : अप्रतिम! दोनदा उभा राहून ओरडलो. गुण ३४.’

माझ्या बहिणीला, शकूला, काही कळेना. “सर, गुणांची अदलाबदल झाली का?”

“मुळीच नाही. शंभरात खेळाला दहाच. बाकी हजेरी, नीटनेटकेपणा, वर्तणूक. तुझं विमान आठ दिवस बंद होतं.”

“अहो, आजारी होतं ते!”

“मग दाखला आण.”

शकूने रेडिओ मेकॅनिककडून खरंच दाखला आणला : ‘मशीन तापलं होतं. विश्रांती सांगितली.’

सरांनी तो दोनदा वाचला. “बरोबर आहे गं. पण लागलेला निकाल मला बदलता येत नाही. वर अर्ज कर.”

तरी माननीय शिक्षणमंत्री महोदय, सदर विमानाची गैरहजेरी वैद्यकीय रजा समजून त्यास ऑक्टोबरच्या परीक्षेस बसू द्यावे, व तोवर बेडकाचा निकाल राखून ठेवावा, ही नम्र विनंती.